तक्रार खरी, बिघाड कुठे?

वऱ्हाडात कूलरसाठी फोन आला, की माणूस निदान आधी सांगतो आणि तक्रार मागून. "मोटर गेली भाऊ, येऊन जा." मोटर क्वचितच गेलेली असते. पंखा नुसता घूं करतो आणि काडीनं पातं ढकललं की फिरायला लागतो, म्हणजे कंडेन्सर गेला. पंप चालू असून एकीकडचं गवत कोरडं, म्हणजे वरच्या नळीची भोकं बुजली. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात तर एकाच उन्हाळ्यात गवतावर पांढरा थर चढून ते पापडासारखं कडक होतं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच उरतात. लोक वरून नवं पाणी ओतत राहतात आणि टाकीत क्षार साठत जातात. मधूनमधून टाकी पूर्ण रिकामी करा, एवढं सांगितलं तरी पुढच्या वर्षीचं गवत वाचतं. अर्थात आमचा धंदा त्यानं कमी होतो, ती गोष्ट वेगळी.

हे झाले खरे बिघाड. खरी मेहनत लागते ती जिथं बिघाड नसतो तिथं.

परतवाड्यात ऐन नवतप्यात एका काकूंकडे गेलो. "काहून भाऊ, हवा तं भन्नाट येते, पण आंग चिकचिक करते. गारवाच नाही." कूलर झकास चालत होता. खोलीची दारं-खिडक्या मात्र गच्च बंद. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दाराच्या फटीत चादरसुद्धा कोंबलेली. मी देवघरातली अगरबत्ती मागून घेतली. धूर वर जाऊन आढ्याखाली घुटमळत बसला. मग कूलरसमोरचं दार वीतभर उघडलं, तसा तोच धूर सरळ दाराकडे ओढला गेला. काकू त्या धुराकडे बघत म्हणाल्या, "पण थंडी चालली ना बाहेर!" चाललीच होती, पण सोबत दमटपणाही चालला होता. कूलर हवेत पाणी मिसळूनच ती गार करतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही, तर तीच पुन्हा अंगाला चिकटते. घाम वाळला नाही तर गार कसं वाटणार?

मे महिन्यात 44 अंश ऊन आणि हवेत जेमतेम 15 टक्के आर्द्रता असली, तर ओल्या गवतातून आलेली हवा फार तर 23 अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर 26-27 पर्यंत आणतो. मिरगाचा पाऊस पडून हवा 32 अंश आणि आर्द्रता 80 टक्के झाली, की ती खालची हद्दच 29 वर येते. तेव्हा नवी मोटर, नवा पंप, वाळ्याची महागडी जाळी, काहीही लावा, फरक पडत नाही. जूनमध्ये कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा म्हटलं, की मेकॅनिकला काही येत नाही असा अर्थ निघतो.

घाट चढून चिखलदऱ्याला आलं, की सगळं उलटं. सुमारे 1,100 मीटर उंची, पावसाळ्यात दिवसदिवस धुकं, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. इथली तक्रार गीझरची: "पाणी तापतच नाही." 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर घ्या. खाली टाकीतलं पाणी 25 अंश असलं, तर 60 अंशांना जायला 18 मिनिटं लागतात. वर जानेवारीच्या पहाटे तेच पाणी 10 अंश असलं, की 26 मिनिटं. त्यातच सगळ्या खोल्यांचे गीझर एकदम सुरू होऊन दाब 230 वरून 180 व्होल्टवर आला, तर गीझरची ताकद निम्म्याच्या थोडी वर उरते आणि वेळ 40 मिनिटांच्या पुढे जातो. कॉइल बदलून हे सुटत नाही. मी आधी मीटर लावून दाब बघतो आणि मालकाला गीझर आळीपाळीनं लावायला सांगतो.

दुसरी तक्रार पावसाळ्यानंतरची: बटण दाबलं की ब्रेकर पडतो. महिनोन्महिने बंद असलेल्या कॉइलच्या आतली पूड ओल धरते आणि करंट अर्थिंगकडे झिरपतो. पुष्कळदा कॉइल काढून नीट वाळवली तरी भागतं. वाळवूनही ब्रेकर पडलाच, तर मात्र बदलायची. ब्रेकर काढून थेट जोडणी करून द्या म्हणणारे भेटतात. त्यांचं काम मी घेत नाही.

गॅस गीझरच्या बाबतीत तर मी भांडतोच. धुकं आत येतं म्हणून न्हाणीघराचा झरोका पुठ्ठ्यानं बंद केलेला असतो आणि आत गॅस जळत असतो. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस कडी लावलेल्या दाराआड कोसळतो. इथल्या एका लॉजमालकाला बरेच दिवस समजावून गीझर बाहेरच्या भिंतीवर घ्यायला लावला. आता नळी लांबली आहे. पाहुण्यांची पहिली अर्धी बादली गार येते, आणि त्याबद्दल तो दर हिवाळ्यात मला फोन करून बोलतो.