आच, वारा आणि रस

मढला उघड्यावर काही भाजायचं तर आधी वारा बघावा लागतो. दुपार कलली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो दिवेलागणीपर्यंत हटत नाही. रात्र चढली की जरा पडतो आणि पहाटेकडे उलटा फिरून जमिनीवरून मतलई वाहू लागतो. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा कोळ्यांचं जाणंयेणं या दोन वाऱ्यांच्या भरवशावर चाले. आता होड्यांना इंजिनं आली, पण माझ्या अंगणातल्या ग्रिलला अजूनही वाऱ्याचंच ऐकावं लागतं. गॅसची ज्योत निळी, बुटकी आणि हळवी. समोरून झुळूक आली की ती आडवी होते, जाळी एकीकडे तापते, दुसरीकडे गार राहते. जोराचा झोत आला तर बर्नर विझतो आणि उजेड असला तर ते पटकन कळतही नाही. म्हणून ग्रिल घराच्या पूर्वेला, भिंतीच्या आडोशाला, पत्र्याच्या पडवीत ठेवला आहे. पडवी तीन बाजूंनी उघडी आहे, आणि ती तशीच हवी. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. काचा लावलेल्या बाल्कनीत ग्रिल पेटवणाऱ्यांची मला खरोखर भीती वाटते.

शनिवार-रविवारी मढ, एरंगळ, आक्सा या पट्ट्यातल्या भाड्याच्या बंगल्यांमधून धूर निघू लागतो. मुंबईहून मंडळी बेत ठरवूनच येतात. मसाला लावलेली कोंबडी, कोलंबी, पनीर, मक्याची कणसं. बर्गर मात्र जवळजवळ दिसतच नाही. तो बाहेरून मागवायचा, कागदात गुंडाळून यायचा, असं आपल्याकडे ठरूनच गेलं आहे. १९९६ साली मॅकडोनाल्डने दिल्लीत आणि पाठोपाठ वांद्र्याला दुकान उघडलं. तेव्हापासून शहरातली मुलं बर्गर खातच मोठी झाली. पण घरच्या आचेवर भाजलेला, हाताने थापलेला, पहिल्या घासाला मनगटापर्यंत ओघळ यावा असा बर्गर त्यातल्या किती जणांच्या वाट्याला आला? त्या दुकानाच्या महाराजा मॅकमध्ये सुरुवातीला मटण होतं, कोंबडी पुढे आली, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. बर्गर इथे आला तेव्हा त्याला इथलंच मांस शोधावं लागलं होतं.

अमेरिकेत बर्गर म्हणजे गोमांस. महाराष्ट्रात गाय १९७६च्या कायद्याने आणि बैल, वळू २०१५च्या दुरुस्तीने वर्ज्य झाले. म्हशीचं मांस चालतं, आणि मुंबईत बीफ म्हणून ताटात येतं ते तेच. आमच्या घरी मटण, म्हणजे बोकडाचं. बोकड अंगाने काटक. त्याची चरबी आतड्यांभोवती, गुर्द्याभोवती साठते, मांसाच्या धाग्यांत फारशी मुरत नाही. नुसत्या मांडीचा खिमा जाळीवर टाकला तर तो कोरडा पडणारच, मग आच किती का सांभाळा. म्हणून खांद्याचं मांस घ्यायचं आणि त्यातच गुर्द्याभोवतीची चरबी घालून घ्यायची, आठशे ग्रॅम मांसाला दोनशे ग्रॅम या हिशेबाने. वर्सोव्याचा माझा खाटीक पहिल्यांदा सुरा थांबवून बघत राहिला होता. “ताई, सगळे काढा म्हणतात, तुम्ही घाला म्हणता.” आता तो माझ्यासाठी गुर्द्याची पांढरी, कडक चरबी बाजूला काढून ठेवतो आणि खिमा यंत्रातून न काढता सुऱ्यानेच तोडून देतो. यंत्रातून दोनदा निघालेला खिमा लगद्यासारखा होतो, त्यात मांस कुठे आणि चरबी कुठे ते कळत नाही. हाताने तोडलेल्या खिम्यात दोन्ही वेगळं दिसतं. लाल कण, पांढरे कण. रस पुढे त्या पांढऱ्या कणांतूनच यायचा असतो.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. रस्त्याने यायचं तर मालाडवरून मार्वेचा मोठा वळसा. खिम्याचा स्टीलचा डबा मी बर्फाच्या चुऱ्यात बसवून आणते आणि या गावात त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मासेमारीचं गाव बर्फावर जगतं. होडी समुद्रात निघते ती बर्फ भरून, आणि मासळीचा भाव ठरतो तो ती किती गार राहिली त्यावर. खिम्याचंही तसंच. चरबी जाळीवर जाईपर्यंत घट्ट राहिली पाहिजे. वाटेत मऊ झाली तर ती मांसाला नुसती माखली जाते आणि आच लागताच आधी तीच गळून जाते.

यानंतर आपल्या हाताची सवय आडवी येते. खिमा दिसला की आपण तो मळायला घेतो. सीख कबाब असो, कोफ्ता असो, कटलेट असो, मीठमसाला घालून चांगला मळायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेलं आहे, आणि त्या पदार्थांसाठी ते बरोबरच आहे. मीठ आणि मळणं या दोन्हींनी मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटं होऊन चिकट बनतं, म्हणून तर कबाब सळईला धरून राहतो. बर्गरला मात्र हा चिकटपणा नको असतो. त्याचे कण सैल राहायला हवेत, म्हणजे वितळलेल्या चरबीला आत थांबायला जागा राहते. मळलेला बर्गर दाताखाली रबरी लागतो आणि मग लोक अंडं, पावाचा चुरा, कांदा असं काहीबाही घालून तो सुधारायला बघतात. माझं मत विचाराल तर यातलं काहीही घालू नये. खिमा थंडगार असतानाच दीडेकशे ग्रॅमचा वाटा उचलावा, पोरं किनाऱ्यावर ओली वाळू गोळा करतात तशा हलक्या हाताने तो जमवावा, बोटभर जाडीचा थापावा आणि मधोमध अंगठ्याने खळगा करावा. भाजताना कडा आकसतात आणि मधला भाग फुगून वर येतो. खळगा असला की पॅटी सपाट राहते. मीठ सगळ्यात शेवटी, जाळीवर ठेवण्याच्या क्षणी, फक्त वरून. मिरपूड वाटली तर.

पावसाळ्यात बर्गरचा बेत जास्त होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला निघतात, बाजारात ताजी मासळी मिळेनाशी होते. घरोघर सुकट, सुके बोंबील आणि मटण यांवर दिवस निघतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि पडवीत ग्रिल झाकण लावून दहापंधरा मिनिटं तापत ठेवलेला असतो. जाळी तापली की अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तिच्यावरून फिरवायचा. त्या चरचरण्यावरूनच आच किती चढली ते कळतं.

आमच्या शेजारच्या मावशी जन्माने आणि लग्नाने कोळीवाड्याच्या. त्यांच्या परसात निखाऱ्यावर बांगडा भाजायला ठेवलेला असताना त्यांची नात चिमटा घेऊन तो उचकायला गेली. मावशींनी तिला अडवलं. “राहू दे गो. भाजलं का त्याचं तं सुटंल.” तेवढं बोलून त्या पुन्हा लसूण सोलू लागल्या. थोड्या वेळाने बांगडा खरंच आपणहून सुटा झाला. कातडी अख्खी, खरपूस, एक चिरही नाही. बर्गर भाजण्याबद्दल मी पुस्तकांतून आणि इकडून तिकडून बरंच वाचलं आहे, पण त्या एका वाक्याइतकं कामाचं काही सापडलं नाही. कच्चं मांस तापलेल्या धातूला धरून बसतं. त्याचा पृष्ठभाग ओला असतो तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडकतं. ओल उडाली आणि ते एकशेचाळीसच्या वर चढलं की खरपूस तपकिरी पापुद्रा धरतो आणि धातूची पकड सैल होते. त्याआधी उलथणं घातलं तर पापुद्रा जाळीलाच राहतो. तीनचार मिनिटं काहीही न करता उभं राहणं, हे या पदार्थातलं सगळ्यात कठीण काम आहे.

त्याहून मोठा मोह दाबण्याचा. उलथण्याने पॅटी दाबली की चर्र आवाज येतो, ज्योत उसळते, वास दरवळतो, आणि भोवतीच्या माणसांना वाटतं, आता खरं भाजणं चाललंय. जे चरचरलं ते मात्र गेलं. साठ अंशांपुढे मांसातले धागे आणि पडदे आकसू लागतात आणि स्वतःच पाणी पिळून बाहेर काढतात. त्यात आपण वरून भार दिला तर उरलेलंही जातं. आणि बर्गर आत गुलाबी ठेवून रसाळ करायचा हा मार्ग मला मान्य नाही. अखंड तुकड्याचे जंतू त्याच्या पृष्ठभागावर असतात, ते आचेने मरतात. खिम्यात तोडताना तेच आतवर मिसळले जातात. म्हणून मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस झालेच पाहिजेत. ते टोचून मोजायचं साधं थर्मामीटर मिळतं, ते प्रत्येक ग्रिलशेजारी असावं. ७१ अंशांना पाणी बरंच निघून गेलेलं असतं, हे खरं. तिथे वाचवते ती खाटकाकडून घालून आणलेली चरबी. ती नसेल तर सुरक्षित बर्गर हमखास कोरडा होतो. असेल तर तो पूर्ण शिजूनही रसाळ राहतो.

कोळशाशिवाय चव नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. मावशींच्या निखाऱ्यावरच्या बांगड्याबद्दल मीही तेच म्हणेन, तो मला गॅसवर नको. बर्गरच्या बाबतीत मात्र मी गॅसच्या बाजूने आहे. पुरता पेटून राख धरलेल्या कोळशाला स्वतःचा वास असा फारसा नसतो. आपल्याला जो आवडतो तो निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीचा. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नरवर लोखंडी पट्ट्या असतात, चरबी त्यांवर ठिबकते, तिथेच तिचा धूर होतो आणि तो वर पॅटीला लागतो. शिवाय हा गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे झाकणाखालची हवा अगदी रखरखीत होत नाही. आणि हाताशी चावी असते. मी एक बाजू मोठी ठेवते आणि दुसरी अगदी बारीक. ज्योत उसळली तर पाणी शिंपडायचं नाही, पॅटी बारीक आचेकडे सरकवायची आणि झाकण लावायचं. खिम्यासारख्या चंचल गोष्टीला ही सोय फार मोलाची आहे. खाऱ्या हवेत ग्रिल जपावा मात्र लागतो. स्टीललाही इथे गंज चढतो. वापर झाला की जाळी घासून, तेलाचा हात फिरवून, झाकून ठेवल्याशिवाय मी आत जात नाही.

बर्गरला मढचं करतो तो बॉटल मसाला. एरंगळच्या किनाऱ्यावर सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, १५७५चं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे सण भरतो आणि त्याला ख्रिस्ती, हिंदू सगळेच जातात. या बाजूची ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं उन्हाळ्यात मिरच्या आणि नाना मसाले वाळवून, भाजून, कुटून गडद बाटल्यांत ठासून भरतात, तो वर्षभर पुरतो. एका मैत्रिणीच्या घरून मला दरवर्षी एक बाटली येते. तो मी खिम्यात घालत नाही. मऊ लोण्यात फेटते आणि पॅटी उतरवताना तिच्यावर चमचाभर ठेवते. लोणी वितळत खाली उतरतं, मसाला पापुद्र्यावर राहतो, आणि आत मटणाला मटणाचीच चव राहते.

पाव साधा, बेकरीतला गोल बन. आपल्याकडे पाव पोर्तुगिजांबरोबर आला, आणि १७३९ साली मराठ्यांनी मढचा किल्ला घेतला तरी तो राहिला, हे बरंच झालं. तो आडवा कापून आतल्या बाजूने जाळीवर भाजावा. भाजलेला पृष्ठभाग रस लगेच शोषत नाही, खालचा बन लगदा होत नाही. कांद्याची एक चकती, काकडी. चीज मी घालत नाही.

पॅटी उतरवल्यावर दोन मिनिटं थांबावं, त्याहून जास्त नाही. बोकडाची चरबी गोमांसाच्या चरबीपेक्षाही कडक, ती लवकर थिजते आणि मग टाळूला चिकटते. तेव्हा आधी माणसं बसवा, ताटल्या गरम करून ठेवा, आणि बर्गर समोर आला की गप्पा बाजूला ठेवून गरम आहे तोवर खा.