देवगिरी ते नागसेनवन : दोन दिवसांची सहल

सुटी लागली की घरोघरी एकच प्रश्न : मुलांना कुठे न्यायचे? यंदा आमच्या वस्तीतील पाच कुटुंबांनी वर्गणी काढून गाडी ठरवली आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, गाठले. वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल म्हणून या सहलीची हकिकत येथे देत आहोत.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर निघून आम्ही दौलताबादचा किल्ला गाठला. शहरापासून हे अंतर साधारण १५ किलोमीटर आहे. याचे मूळ नाव देवगिरी. यादव राजा भिल्लम याने बाराव्या शतकात येथे राजधानी वसवली. १२९६ साली रामदेवरावाच्या काळात अल्लाउद्दीन खिलजीने येथे स्वारी केली. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली, दौलताबाद हे नाव दिले आणि काही वर्षांतच तो परत फिरला. चाँद मिनार, चिनी महाल, मेंढा तोफ पाहत खंदकावरच्या पुलावर यावे. पुढे ‘अंधारी’ नावाचा वळणावळणाचा काळोखा मार्ग लागतो. शत्रूला चकवण्यासाठी तो कातळातच कोरला आहे. आत वटवाघळे आहेत, म्हणून बॅटरी जवळ ठेवावी आणि मुलांचा हात सोडू नये. गुडघेदुखी असलेल्यांनी अंधारीच्या अलीकडेच सावलीत बसावे. वर चढण दमछाक करणारी आहे.

पण आम्हांला या किल्ल्याकडे ओढून नेले ते वेगळ्याच आठवणीने. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत हा किल्ला पाहावा म्हणून मंडळी उतरली. अंगावर प्रवासाची धूळ होती. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. काहींनी त्यातल्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. इतक्यात एक वृद्ध गृहस्थ मागून ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. अखेर आत सोडले ते एका अटीवर, की किल्ल्यात कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. त्यासाठी बरोबर हत्यारी शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला आहे. हिंदूंच्या लेखी जो अस्पृश्य, तो मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच, हे त्यांना त्यातून दाखवायचे होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती आणि परदेशातील मोठमोठ्या पदव्या त्यांच्याजवळ होत्या. तरीही हौदाचे पाणी त्यांना बंद होते.

आम्ही दरवाजाशी थांबून मुलांना हे सांगितले. आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी म्हणाली, “मग बाबासाहेब तहानलेलेच वर गेले का?” कोणालाच उत्तर सुचले नाही. बरोबरच्या आजीने पिशवीतून तांब्या काढला आणि सर्वांना पाणी दिले. शेजारी एका शाळेची सहल उभी होती. त्यातल्या दोन मुलांनी पाणी मागितले, घटाघट प्यायले आणि पळाले. आपण कोण, हे त्यांनी विचारले नाही. आजी तांब्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दुपारी वेरूळ. ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. बहुतेक गाड्या थेट कैलास लेण्यापाशी लोकांना उतरवतात आणि मग वेळ उरत नाही. म्हणून आधी १० क्रमांकाचे चैत्यगृह पाहावे. त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, कारण छताच्या दगडी फासळ्या लाकडाच्या वाटतात. बारावे ‘तीन ताल’ लेणे तीन मजली आहे. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती पाहताना मुलेही आपोआप गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी पाहिली. येथे गर्दी नसते. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. आग, सिंह, साप, हत्ती, बुडते जहाज अशा संकटांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. जुन्या काळच्या प्रवाशांची भीती दगडात उमटली आहे.

शेवट नागसेनवनात केला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे १९५० साली सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे राजा मिलिंदाचे नाव महाविद्यालयाला आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या भिक्खू नागसेनाचे नाव परिसराला मिळाले. ज्या मुलखात बाबासाहेबांना हौदाचे पाणी नाकारले, त्याच मुलखात सोळा वर्षांनी त्यांनी ज्ञानाचा पाणवठा खुला केला. जवळच विद्यापीठ आहे. नामांतराच्या दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव मिळाले. तेही मुलांना जरूर दाखवावे.

काही सूचना : वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते. अजिंठा सुमारे १०० किलोमीटर असल्याने त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. उन्हाळा टाळावा. जेवणाचे डबे घ्यावेत, लेण्यांत कचरा करू नये, भिंतींवर नावे कोरू नयेत. आणि पाणी भरपूर घ्यावे. आपल्यापुरते नको, मागेल त्याला देता येईल इतके.