निर्गम उतारा

माझ्या भाचीनं सीईटी दिली तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. ज्या कागदावाचून तिचा प्रवेश अडला असता, तो मात्र तिच्या जन्माच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी लिहिला गेला होता. १९५० सालच्या जून महिन्यात, माण तालुक्यातल्या एका गावात, लोकल बोर्डाच्या शाळेत एका मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, नाव वहीत घातलं. आपण काय लिहून ठेवतो आहोत याची त्या मास्तरांना कल्पना असणं शक्यच नव्हतं. आबांना त्या दिवसाचं एवढंच आठवायचं, की निघताना आईनं डोक्याला तेल चोपडलं होतं आणि शाळेत मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला होता. कान हाताला लागला. म्हणजे पोरगं सहा वर्षांचं झालं. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून पडली. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनचाच आहे.

भाचीला पुण्याचं सीओईपी, म्हणजे तिथलं अभियांत्रिकी महाविद्यालय, हवं होतं. आमच्याकडच्या हुशार मुलांच्या मनात हे नाव आठवी-नववीतच येऊन बसतं. १८५४ साली सरकारी बांधकामांसाठी हाताखालची माणसं तयार करणारा एक लहानसा वर्ग म्हणून ही संस्था सुरू झाली आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ वाढत गेली. विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन इथे आले, १८८३ साली अभियंता होऊन बाहेर पडले, आणि पुढे त्याच मुठेवर, वरच्या अंगाला खडकवासल्याला, त्यांचे आपोआप उघडझाप करणारे दरवाजे बसले. २०२२ मध्ये शासनानं कायदा करून या महाविद्यालयाला स्वतंत्र विद्यापीठ केलं. भाचीला यातलं बरंचसं पाठ होतं. मला त्यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटत होती. ते सरकारी आहे. माझ्या भावासारखा, रोजंदारीवर फर्निचरची कामं करणारा बाप आपल्या मुलीसाठी त्या दारात उभा राहू शकतो, तो एवढ्याच कारणानं. जुलै २०२४ पासून तर ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्कही राज्य भरू लागलं. हे ऐकलं त्या संध्याकाळी भावानं रंधा बाजूला ठेवला आणि तो बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत होता.

तिचा अभ्यास मी पाहिला आहे. गणिताचे पन्नास प्रश्न, पदार्थविज्ञानाचे पन्नास, रसायनाचे पन्नास, तीन तास. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या मिनिटांत उरलेल्या प्रश्नांवर जाणारा हातसुद्धा तिनं बसवून घेतला होता. निकालात गुण दिसत नाहीत, पर्सेंटाइल दिसतात. लाखो मुलांत आपण कितव्या पायरीवर उभे आहोत, ते दशांशाच्या सात घरांपर्यंत. तिला ९९च्या वर मिळाले. पाव पर्सेंटाइलनं शाखा बदलते, अर्ध्यानं महाविद्यालय. तरी तो आकडा तिचा स्वतःचा होता. पहाटे उठून, दिवे गेले की मोबाईलच्या उजेडात बसून मिळवलेला.

मग अर्ज भरायला घेतला. बारावीला तिन्ही विषयांत मिळून किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, ही अट आम्ही वाचून पुढे गेलो. खऱ्या अटी त्याच्या खाली होत्या. अधिवास. जातीचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर, तेही येत्या मार्चअखेरपर्यंत ग्राह्य असलेलं. आणि जात वैधता, जिला सगळे नुसतं व्हॅलिडिटी म्हणतात. या दाखल्यांची एक साखळी असते. अधिवासाला रहिवास लागतो, नॉन-क्रिमीलेअरला उत्पन्न आणि जात दोन्ही लागतात, व्हॅलिडिटीला जात लागते आणि जातीला जुना पुरावा लागतो. ही साखळी हातानं चाचपत मागं मागं गेलं की ती एका तारखेपाशी येऊन थांबते. ओबीसींसाठी ती तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. त्या दिवशी राज्यानं इतर मागासवर्गाची यादी काढली. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमच्या घरातलं कुणीतरी या राज्यात, या जातीचं म्हणून, कुठल्या तरी सरकारी कागदावर लिहिलेलं असायला हवं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१.

माझा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला १९६७च्या त्या तारखेनंतरचा आहे. भावाचाही. आत्या वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली म्हणून माझा कागद जोडता येत होता, पण तो पुरेसा नव्हता. लागणार होते ते आबा, आणि आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मीच म्हटलं, आबांच्या शाळेत मी जाते.

शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. कौलं जाऊन पत्रा आलाय, भिंतींवर पाढे आणि फळं रंगवलीत. मुख्याध्यापिका बाई तिशी-पस्तिशीच्या. त्यांनी चहा मागवला, सरपंचांच्या घरून कपाटाची दुसरी किल्ली आणवली, आणि जनरल रजिस्टर टेबलावर ठेवलं. पुठ्ठा कापडात बांधलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले. पहिल्या पानावर जिल्हा उत्तर सातारा. मला क्षणभर कळेना, मग आठवलं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन भाग झाले होते, दक्षिणेकडचा पुढे सांगली झाला. आबा ज्या जिल्ह्यात शाळेत गेले त्या नावाचा जिल्हा आज नकाशावर नाही, आणि त्या वहीत तो अजून नांदतो आहे.

पानं बाई बोटानं नाही, फुटपट्टीनं उलटत होत्या. कागद असा झालेला की श्वासानंही कडा सुटावी. अक्षर मात्र देखणं होतं, तिरपं, एकसारखं. एकेक नाव वाचत आम्ही खाली येत होतो. काही नावांचे लोक मी म्हातारपणी पाहिले होते. पारावर बसणारे, दिंडीत वीणा घेणारे, एक जण मुंबईला गिरणीत गेलेला आणि परत न आलेला. इथे ते सगळे सहा-सात वर्षांचे होते.

आबा सापडले. नाव, बापाचं नाव, आडनाव. धर्म व जात या रकान्यात हिंदू सुतार. धंदा, सुतारकी. जन्मस्थळ, तेच गाव. दाखल केल्याची तारीख. शाळा सोडल्याची तारीख, तीन वर्षांनंतरची. आणि शेवटी शाळा सोडण्याचं कारण. मास्तरांनी तिथे दोनच शब्द लिहिले होते. कामास लागला.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आबांनी शाळा का सोडली हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आमच्या आठवणीत ते कायम वाकस चालवणारेच होते, नेटावर बसून कुळवाचा दांडा तासणारे, गुण्या लावून एक डोळा मिटणारे. बलुत्याचं धान्य थकलं तरी कुणाच्या नांगराला नाही न म्हणणारे. त्यांना नऊ वर्षांचं करून मी कधी पाहिलंच नव्हतं. तिसरीच्या वर्गातून उठून तो मुलगा माझ्या आजोबांच्या मागं, सामानाची पिशवी घेऊन, गाड्यांची चाकं भरायला गावोगाव गेला. जाताना आपलं नाव तेवढं मागं ठेवून गेला, आणि ते नाव इतकी वर्षं त्या कपाटात त्याच्या नातीसाठी थांबलं होतं.

बाईंनी त्या नोंदीचा निर्गम उतारा लिहून दिला, शिक्का मारला, सही केली. मग हळूच म्हणाल्या, “जूनमध्ये दिवसाला पाच-सहा जण येतात. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठीही फार आले. वही किती दिवस टिकेल, भीती वाटते.”

जात पडताळणी समितीच्या कार्यालयात अर्जाची प्रत, उतारा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असं सगळं घेऊन मी भाचीसोबत गेले. जिन्यावर, व्हरांड्यात, झाडाखाली आईबाप आणि मुलं. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. तिथे एक गृहस्थ शेजारी बसले होते, कैकाडी समाजातले, मुलाला इंजिनिअरिंगला घालायचं म्हणून आलेले. माझ्या हातातला उतारा त्यांनी मागून घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. “ताई, तुमचं नशीब. आमच्या बाला शाळा न्हाई. आज्याला तर गावच न्हाई. आज हितं, उद्या तिथं, टोपल्या इकत.” थोडं थांबून म्हणाले, “आज्याचं नाव असंल तर पोलिसांच्या हजेरीत असंल. सोलापुरात, तारंच्या आत.”

मला काही बोलता आलं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, तिथे माणसांची हजेरी घेतली जायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो कायदा गेला. आणि त्या माणसांच्या पणतवंडाला आज अभियंता व्हायचं असेल, तर त्याच्या घराण्याचं पहिलं लिहिलेलं अक्षर ज्या वहीत शोधावं लागतं, ती त्याच्या पणज्याला कैदेत मोजणारी वही आहे.

पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. खोटे दाखले काढून राखीव जागा लाटल्या गेल्या आहेत, आणि त्या जागा ज्यांच्या होत्या ती मुलं गुमान घरी परतली आहेत. ही सगळी व्यवस्था उभी राहिली तीही प्रवेशाच्याच एका वादातून. माधुरी पाटील खटला. वैद्यकीय शाखेतल्या प्रवेशासाठी केलेला महादेव कोळी जमातीचा दावा, आणि वडिलांच्या शाळेतली हिंदू कोळी अशी जुनी नोंद. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं तपासणीची पद्धत घालून दिली, आणि २००१ पासून महाराष्ट्रात त्याचा कायदा लागू झाला. तिथेही शेवटी साक्ष दिली ती शाळेच्या रजिस्टरनंच. त्यामुळे त्या वह्यांचं मोल मला कळतं.

पण एक गोष्ट मला आत कुठेतरी सतत खुपते. ज्यांच्या घरात अक्षर उशिरा पोचलं, त्यांच्याकडेच जुनं अक्षर मागितलं जातं. ज्यांच्या वाड्यांमध्ये पेटारेभर दप्तरं, सनदा, मोडीतले कागद आहेत, त्यांना ते कुठल्या प्रवेशासाठी काढावे लागत नाहीत. ज्याच्या पणज्याला वर्गाच्या बाहेर बसवलं, ज्याच्या आज्याला तिसरीतून उठवलं, त्यानं मात्र त्या तीन वर्षांची पावती जपून ठेवलेली असली पाहिजे. आणि शाळा शासनाची, वही शासनाची, कोतवालाचं जन्ममृत्यूचं बुक शासनाचं, समितीही शासनाचीच. या सगळ्यांच्या मधून कागद वाहून नेतं ते मूल, तेही नेमकं त्या दिवसांत, जेव्हा त्यानं पुढच्या आयुष्याचा विचार करायला हवा. या वह्या एकदा नीट छायांकित करून एका ठिकाणी ठेवल्या, आणि मूल आठवीत असतानाच शाळेनं पडताळणीचा अर्ज लावला, तर त्या व्हरांड्यातली निम्मी माणसं त्या दिवशी आपापल्या कामावर असतील. हे अवघड नाही. जे राज्य लाखो मुलांचे पर्सेंटाइल सात घरांपर्यंत काढतं, त्याला हे जमेल.

भाचीची व्हॅलिडिटी दुसऱ्या फेरीच्या आधी आली. वेळेत आली नसती तर ती खुल्या प्रवर्गात गेली असती, आणि काही दशांशांनी ते दार बंद झालं असतं. तिला सीओईपी मिळालं, मेकॅनिकल. मूळ कागद तपासायला आम्ही तिघं गेलो. टेबलामागच्या सरांनी एकेक कागद पाहत, खुणा करत, निर्गम उतारा उचलला आणि विचारलं, “हे कोण?” भाची म्हणाली, “माझे आजोबा. तिसरीपर्यंत शिकले.” सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, उतारा नीट फाईलमध्ये घातला आणि म्हणाले, “याच्या प्रती काढून ठेव. भावाला लागेल.”

रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो बाईंच्या परवानगीनं माझ्या मोबाईलमध्ये आहे. आबांच्या खाली आणखी बरीच नावं आहेत, आणि त्यातल्या एकाची नात यंदा अकरावीला आहे. तिच्या वडिलांना मी परवा फोन केला. म्हटलं, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. उद्याच शाळेत जा, पान मी पाठवते, अनुक्रमांक त्यावर दिसतोय. तिचा अर्ज कॉलेजमधून आत्ताच लावा, आणि उताऱ्याच्या दोन-चार जास्तीच्या प्रती शिक्क्यानिशी मागून घ्या. ते म्हणाले, “आमच्या दादांचं नाव हाय व्हय त्यात?” मी म्हटलं, आहे. आणि त्यांना ती ओळ फोनवर वाचून दाखवली.