कॉकटेलची अवजारं

आमचे मेव्हणे पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहेत. ते आमच्याकडे येतात तेव्हा हातात मिठाईचा पुडा नसतो, एखादं यंत्र असतं. एकदा त्यांनी अंडी उकडायचं यंत्र आणलं होतं. आमच्याकडे अंडी चालत नाहीत, म्हणून आईनं त्यात वाती ठेवल्या. २०१६ च्या पाडव्याला ते आले तेव्हा हातात चामड्याची पेटी होती. मला वाटलं, तबला शिकायला लागले.

त्या वर्षी पाडवा शुक्रवारी आला होता, पाठोपाठ दुसरा शनिवार आणि मग रविवार. सलग तीन सुट्ट्या म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसालाच विचारावं. श्रीखंड जिरल्यावर शनिवारी सकाळी मेव्हण्यांनी पेटी उघडली. आत मखमलीवर शल्यचिकित्सेची असावीत तशी चकचकीत हत्यारं.

“दाजी, घरच्या घरी कॉकटेल करायला एवढी पाच अवजारं लागतात. जास्त नाहीत.”

मी कॉमर्सचा पदवीधर. पदार्थापेक्षा यादीवर माझा जीव. लगेच कागद घेऊन टिपायला बसलो.

पहिला शेकर. म्हणजे झाकणाचा उभट डबा. त्यात दारू, लिंबू, साखर आणि बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायचं. मी म्हणालो, “आमच्याकडे ताकाची बरणी आहे.” दुसरा जिगर. हा शब्द ऐकून मी छाती पुढे काढली, पण ते माप निघालं. एका बाजूनं ३० मिलिलिटर, उलटं केलं की ६०. “आमच्याकडे खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे.” तिसरी स्प्रिंग लावलेली गाळणी. “चहाची आहे.” चौथा लांब दांड्याचा, पीळ दिलेला चमचा. “मुरंब्याच्या बरणीतला आहे.” पाचवा मडलर, म्हणजे पेल्यातच पुदिना चेचायचा दांडका. “बत्ता!” मेव्हणे हिरमुसले. पाच हजारांची पेटी आमच्या फडताळात पाऊणशे वर्षं पडून आहे, हे त्यांना झेपेना.

आता कागदोपत्री बाजू. महाराष्ट्रात महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अजून लागू आहे, आणि प्यायचं तर परवाना लागतो, हे बऱ्याच पिणाऱ्यांना पिऊन झाल्यावर कळतं. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. आजन्म हा शब्द मी तोवर फक्त कारावासाला लागलेला ऐकला होता. मी दोघांचेही एकेका दिवसाचे परवाने काढले. कागद पुरा असल्याशिवाय आमचा घसा उघडत नाही.

आईला मात्र सांगितलं, सरबत करतोय.

“आता फक्त बर्फ,” मेव्हणे म्हणाले. “खरं अवजार तेच. दोन किलो तरी हवा.”

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

इथे वाचकांना थोडं मागे न्यायला हवं. आम्ही मूळचे नांदेडचे. गोदावरीच्या काठचा माणूस पाणी मोजत नाही. घाटावर जातो आणि बघतो. पण बदली झाली लातूरला, आणि तो उन्हाळा असा की मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. पाच माणसांनी एकत्र येऊन दंगा करू नये म्हणून लागायचं ते कलम, घागरीभोवती! आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा ते टँकरलाच ठाऊक. घरातलं पाणी बायकोच्या ताब्यात होतं आणि आमच्या कॅशियरनं शिकावं असा तिचा हिशेब होता.

ती दारात येऊन म्हणाली, “बर्फ म्हणजे पाणीच ना? गोठवलं की मोजणीतून सुटतं का?”

मी तोंड चुकवायला हिशेब मांडला. एका पेल्याला: शेकरमधला बर्फ २०० मिलिलिटर. पेला आधी गार करायचा, ते पाणी फेकायचं, १००. शेकर दोनदा विसळायचा, १ लिटर. बाकी अवजारं धुवायची, अर्धा लिटर. एकूण १८०० मिलिलिटर. जमेला एक पेला, जेमतेम १०० मिलिलिटर. दोघांचे दोन-दोन पेले म्हणजे जवळपास सव्वासात लिटर, अर्धी घागर. आयुष्यात पहिल्यांदाच माझा ताळेबंद जुळला याचं मला वाईट वाटलं.

इंग्रजीतला ‘पंच’ हा पेयाचा शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असं म्हणतात: दारू, लिंबू, साखर, मसाला आणि पाणी. आमच्याकडे चार होते.

शेवटी तडजोड झाली. फ्रीजमधला एकच ट्रे, एकच पेला, दोघांत. विसळणं नाही. संध्याकाळी मेव्हण्यांनी रम मोजली, लिंबू पिळलं, साखर घातली आणि शेकर कानाशी धरून असा हलवला की शेजारचं पोर खुळखुळा समजून दारात आलं. पेयाचं नाव डायकिरी, मूळ गाव क्यूबात. पेल्यात गाळलं. शेकरमध्ये अर्धवट विरघळलेला बर्फ उरला.

“हा टाकून द्यायचा,” म्हणत मेव्हणे मोरीकडे निघाले.

मोरीच्या तोंडाशी आई.

“काय करायलाव रे? चांगला बर्फ कशाला टाकायलाव? इकडं द्या. माझी तुळस सुकायलीय.”

तिनं हात पुढे केला. मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पिंपाकडे पाहिलं. घरात आई रोज आंघोळीचं पाणी तांब्यानं मोजत होती, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला नेऊन घालत होती, आणि मी तिला गेले आठ तास सरबत सांगत होतो. बत्तीस दात असूनही जीभ अडकत होती.

“आई, त्यात रम आहे.”

आई शेकरकडे बघत राहिली. मला वाटलं, आता वडिलांचा फोटो साक्षीला निघणार.

“मग तुळशीला नको,” ती म्हणाली. “कढीपत्त्याला घाल.”

आणि आत जाता जाता, “सरबत म्हणून सांगायची काय गरज होती? मला काय वास येत नाही?”

मेव्हणे रविवारच्या बसनं गेले. पेटी ठेवून गेले. मंगळवारी, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. सारा गाव त्या गाडीबद्दल बोलत होता. मी काउंटरवर बसल्या बसल्या सवयीनं गुणाकार केला: पाच लाख लिटर. मग भागाकार केला, किती पेले होतील. आणि कागद फाडून टाकला.

आता आम्ही पुन्हा नांदेडला आहोत. शेकरमध्ये आई ताक करते. जिगरनं तेल मोजलं जातं, ३० च्या बाजूनं, कारण माझं कोलेस्ट्रॉल. विसळलेलं पाणी अजूनही कुंडीतच जातं. नदी जवळ आहे म्हणून ती सवय काही सुटली नाही.

त्या उन्हाळ्यात लातूरच्या कुंड्यांमध्ये तुळस आणि कढीपत्ता अशी दोनच झाडं तगली. मेव्हणे म्हणतात, कढीपत्ता रमवर जगला. आई म्हणते, रमबिम काही नाही, बर्फावर जगला.