लाज कशाची?

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम लागू झाले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविणे हा गुन्हा ठरला. कालपर्यंत बावीस कॅरटचे मंगळसूत्र घडविणारा सोनार सचोटीचा कारागीर होता. आज त्याच कामासाठी तो अपराधी झाला. हात तोच, सोने तेच. बदलली ती केवळ व्याख्या.

समाजाने मात्र ती मनोमन स्वीकारली नाही. लेकीच्या अंगावर हिणकस सोने घालणे ही अप्रतिष्ठा, तर चोख सोने गुपचूप घडवून घेणे हे व्यवहारचातुर्य ठरले. नियम पाळणाऱ्या सोनाराचे हातचे काम गेले. चोरट्या सोन्याचा धंदा करणाऱ्यांचे फावले. १९६६ साली ती अट उठली; पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. कायदा रद्द करता येतो. बिनपावतीच्या व्यवहाराची सवय तशी रद्द होत नाही.

अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोटे माप आणि भेसळ यांच्याच पंक्तीत विरुद्धराज्यातिक्रमही सांगितला आहे. पेढीवर पहिल्या दोहोंची लाज वाटते, तिसऱ्याची क्वचितच. गल्ल्यावर नव्याने बसलेला मुलगा कायद्याची कलमे नंतर शिकतो. वडिलांना कशाची लाज वाटते, हे तो आधी पाहतो.