वैल

काशीदच्या आमच्या घरी नरकचतुर्दशीला जाग येते ती न्हाणीघरातल्या धुराने. चुलाणात नारळाची सोडणे पेटलेली असतात, हंड्यात पाणी खदखदत असते, आणि आत्या फुंकणी हातात घेऊन हाका मारीत असते, "उठा रे, पाणी निवलं तर पुन्हा तापवणार नाही!" हा धूर डोळ्यांत गेल्याशिवाय मला दिवाळी आल्यासारखी वाटत नाही.

पण वर्षातून एकदा धूर सोसणे निराळे आणि रोज गिळणे निराळे. आत्याने तो पन्नास वर्षे गिळला. म्हणून मी घरात गॅस आणला आणि ऐटीत म्हणालो, "आत्ये, आता ही चूल मोडून टाकू."

ती म्हणाली, "राहू दे कोपऱ्यात. तुझं काय खाते ती?"

त्यावर मी तिला सुधारणेवर एक लांबलचक व्याख्यान दिले. तिने ते डाळ निवडीत ऐकून घेतले, आणि चूल राहिली.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदीमुळे मी तेव्हा घरीच होतो. ज्या सुरूच्या बनाखाली लहानपणी आम्ही खेळलो, तिथली झाडे रस्त्यावर आडवी झाली. विजेचे खांब वाकले. पुढे कित्येक आठवडे घरात दिवा नव्हता. चौथ्या दिवशी सिलिंडर संपला. दुसरा येणार कुठून? गाडीला वाटच नव्हती.

आत्याने कोपऱ्यातली चूल सारवली. चुलीवर भात ठेवला, आणि शेजारच्या वैलावर, जिथे मोठ्या तोंडातून उरलेली आच जाते तिथे, आमटी. मी भात उतरेपर्यंत नुसता बसलो होतो. ती मला टोचून काही बोलली नाही, एवढेच म्हणाली, "वैलावर पाण्याचं भांडं तरी ठेव. आग जळतेच आहे ना?"

त्या पावसाळ्यात चुलीने आम्हाला जेवू घातले खरे. पण आत्याचा खोकला पुन्हा उमळला आणि डॉक्टरांनी तिला धुराजवळ बसायला सक्त मनाई केली. माझे व्याख्यान खोटे नव्हते. तिचा कोपराही खोटा नव्हता.

संध्याकाळी वाळूवर बसले की समोर सारा समुद्र दिसतो. याच समुद्राच्या पोटात, मुंबईपासून दूर पश्चिमेला, १९७४ च्या फेब्रुवारीत 'मुंबई हाय'चे तेल सापडले आणि १९७६ पासून ते निघू लागले. तिथला वायू आमच्याच जिल्ह्यात उरणला किनाऱ्याला लागतो. थळच्या कारखान्यात त्याचे खत होते. एवढे घबाड दारात असूनही देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पाचांतल्या चार हिश्शांहूनही अधिक आपण बाहेरून आणतो. १९७३ साली अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेल चौपट महागले. आमच्या रस्त्यावर सुरू आडवे पडले आणि सिलिंडर अडला. देशाच्या रस्त्यावर असे झाड कोणत्या खाडीत, कोणत्या राजधानीत पडेल, याचा नेम नाही.

अशा वेळी देशाजवळही एक वैल हवा. तो आपल्याकडे नव्हता असे नाही. कोकणात उंडीच्या बियांचे कडू तेल दिव्यात जळत असे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ साली मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लागले होते. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या वायुसंयंत्रासाठी आयुष्य वेचले. २००१ साली मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहिले. २०२५ मध्ये ते प्रमाण देशभर शेकडा वीसवर गेले.

मात्र इथे आत्याचा हिशेब विसरून चालणार नाही. साखर झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल काढले, तर तो वैल. आग जळतच होती, तिच्यावर दुसरे भांडे चढले. पण त्यासाठीच उसाला धरणाचे पाणी पाजायचे, किंवा माणसाच्या तोंडचा मका नि तांदूळ त्यात घालायचा, तर ती सरळ दुसरी चूल झाली. तिला सरपण वेगळे लागते, आणि ते कुणाच्या तरी अंगणातून येते. दोन्हींना एकच नाव देऊन आपण स्वतःला फसवू नये.

असो. देशाचा संसार मोठा. मी माझ्यापुरते पाहिले. गेल्या वर्षी गोठ्यामागे लहानसे गोबरगॅस संयंत्र बसवले. दोन म्हशींच्या शेणावर आम्हा दोघांचा स्वयंपाक बहुतेक निभतो, आणि उरलेला काला माडांच्या मुळाशी जातो. निळी ज्योत पहिल्यांदा लागली तेव्हा आत्या कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होती. मग तिने विचारले, "आणि हे बिघडलं तर?"

"सिलिंडर आहे."

"तो आला नाही तर?"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवले. चूल शेणाने सारवलेली होती, वैलावर पालथे भांडे होते. आत्या समाधानाने हसली.

यंदा न्हाणीघरातले चुलाण मीच पेटवणार आहे. आत्या ओटीवर बसून फक्त हाका मारील.