मुलाखतीची तालीम

परीक्षेला भिणारा विद्यार्थी मला समजूं शकतो. परंतु गणितांत नव्वद गुण मिळविणारा मुलगा "स्वतःविषयीं सांग" म्हणतांच घामाघूम कां व्हावा, हें कोडें मला पुष्कळ दिवस उलगडत नव्हतें. आमच्याकडे महाविद्यालयाचें दार बहुधा टक्केवारीच्या किल्लीनेंच उघडतें. दहा वर्षें शाळेंत घालवूनहि "तुला काय वाटतें?" हा प्रश्न मुलाच्या कानीं क्वचितच पडलेला असतो. तो एकदम अनोळखी अधिकाऱ्याच्या तोंडून आला, म्हणजे वाचा बसली तर नवल तें काय?

आमच्या बुवापाड्यांतील कांहीं मुलें छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेच्या मुलाखतीची तालीम करावयास माझ्याकडे येतात. राज्य सरकारनें १९७७ सालीं काढलेली ही संस्था खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठीं मुलें तयार करते. अशा एका मुलाला मीं विचारलें, "सैन्यांत कां जावयाचें?"

"देशसेवेसाठीं, सर."

उत्तर इतक्या तत्परतेनें आलें, कीं तें त्याचें स्वतःचें नव्हे हें उघड झालें. "आणखी?" बराच वेळ गेला. मग खालीं पाहून तो म्हणाला, "मामा फौजेंत आहेत. ते सुटीवर आले, कीं सारी चाळ त्यांच्याशीं अदबीनें बोलते. बाबांशीं कोणी तसें बोलत नाहीं. पण हें तिथें सांगायचें नसतें ना?"

शिकवणीवर्गांनीं मुलांचें केलेलें नुकसान या एका प्रश्नांत सांठलेलें आहे. बापाच्या मानासाठीं झुरणें ही कांहीं लपवावयाची गोष्ट नव्हे. देशसेवा तिच्यामुळें उणी होत नाहीं.

शिवाय घोकलेलें सोंग टिकतहि नाहीं. प्रबोधिनीच्या निवडीत लेखी परीक्षेला ९०० गुण, आणि पांच दिवसांच्या निवडमंडळाच्या कसोटीलाहि ९००! तेथें साठ शब्द एकामागून एक दाखवितात आणि प्रत्येकास पंधरा सेकंद देतात. पाठ केलेलें वाक्य तेवढ्यांत कोठून आठवणार? मानसशास्त्रज्ञ, गटाची कामगिरी पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे उमेदवाराला निरनिराळे पारखतात. सोंग आणणाऱ्याचीं तीन चित्रें जुळत नाहींत.

म्हणून माझी तालीम साधी असते. वर्तमानपत्र वाचावें, घरच्या माणसांचीं कामें समजून घ्यावींत, आणि आपलें गांव पाहावें. येथील शिवमंदिरांत शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा लेख आहे, हें देवळावरून नित्य जाणाऱ्या मुलांना ठाऊक नसतें. ज्यानें स्वतःचें दारच नीट पाहिलें नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या दाराशीं उभें राहून आपली ओळख ती काय सांगावी? निवड सर्वांचीच होत नाहीं. पण आपल्याला खरोखर काय हवें आहे, हें सोळाव्या वर्षीं एकदां मोठ्यानें उच्चारलेला मुलगा रिकाम्या हातीं परतला, असें मला वाटत नाहीं.